थट्टेच्या सोयऱ्याने मागितलेली माफी

कासिमिर तोएचा आवाज आधी यायचा आणि दिवस मागून उजाडायचा. आमच्या गावात निदान तसंच वाटायचं. बायका चुलीत काटक्या सारत असायच्या, पाण्याच्या पिंपांच्या गाड्यांना गाढवं जुंपली जात असायची, आणि खिळ्याला टांगलेल्या रेडिओतून तो खरखरीत, जरासा नाकातला आवाज म्हणायचा, "उठलात का रे? मी उठलोय, मग तुम्हाला झोप कशी लागते?"

त्याचा बाप बाजारात दवंडी द्यायचा. बापाचा आवाज कासिमिरकडे आला आणि पुढे कापसाच्या जुन्या गोदामात गोरखचिंच रेडिओ सुरू झाला तेव्हा माइकपुढे कुणाला बसवायचं याचा विचार कुणी केलाच नाही. अंगणात ती जाडजूड गोरखचिंच आणि तिच्या शेजारी तिच्याहून थोडा उंच लोखंडी मनोरा. राजधानीतल्या मंत्रालयांचे कागद फ्रेंचमध्ये यायचे. टोळांचा कागद, लसीचा कागद, विहिरीत पूड टाकण्याचा कागद. कासिमिर तो आधी होता तसा वाचायचा आणि मग आमच्या सामो बोलीत उलगडायचा. उलगडताना पदरचं घातल्याशिवाय त्याला राहवत नसे. "मंत्रालय म्हणतं, पोरांना सुई टोचून घ्या. मी म्हणतो, पोराला धरायला काकाला न्या. आया आधी स्वतःच रडतात." मंत्रालयाचं काम व्हायचं आणि गावाची करमणूकही.

मग वाईट वर्षं आली. मोटारसायकलींवरून बंदूकवाले यायचे आणि एका सकाळीत गावच्या गाव रिकामं व्हायचं. माणसं वाट फुटेल तिकडे पळायची. बाप एका छावणीत, लेकरं दुसऱ्या. तेव्हापासून रेडिओच्या ओसरीवर लोक येऊन बसायला लागले. आपल्या हरवलेल्या माणसाचं नाव सांगायचे, गाव सांगायचे, अंगावर काय होतं ते सांगायचे, आणि कासिमिर एकेकाला हाक मारायचा. त्या कार्यक्रमाचं नावच 'हाक' पडलं. किती तरी माणसं त्या हाकेवर परत आली.

कासिमिरची सासू तेने मात्र परत आली नव्हती. तिचं गाव रिकामं झालं तेव्हा म्हातारी शिआच्या झाडाच्या तेलबिया वेचायला रानात गेली होती. प्रत्येक गाडीतल्या माणसांना वाटलं, ती दुसऱ्या गाडीत असेल. तिच्या गळ्यात फडक्याने बांधलेला एक लाल रेडिओ असायचा. जावयाने दिलेला. डोळ्यांनी तिला धूसर दिसायचं, पण कान शाबूत होते. जावई बोलायला लागला की ती शेजारणींना गप्प करायची. एका ट्रकवाल्याने सांगितलं होतं, गळ्यात लाल रेडिओ घातलेली एक म्हातारी पश्चिमेकडे चाललेल्या घोळक्यात पाहिली. तेवढाच काय तो धागा.

म्हणून रोज हाकांच्या शेवटी कासिमिर एक हाक घरची मारायचा. "आई, मी कासिमिर. पेलाजी इथे माझ्याजवळ आहे. माझा आवाज येतोय तोवर गाव जागेवर आहे असं समजा. असाल तिथेच थांबा, कुणाबरोबर पुढे जाऊ नका. जवळच्या माणसाला आमच्या गावाचं नाव सांगा. आम्ही न्यायला येतो."

पेलाजी, त्याची बायको, तेनेची लेक, काचेपलीकडे उभी असायची. एकदा ती म्हणाली, "आन्येसचे बाबा, आईला जेवलात का म्हणून विचारत का नाही?"

"ती उत्तर कसं देणार?"

"उत्तर नको. विचारलेलं तिला ऐकू तर येईल."

त्या दिवसापासून तो तेही विचारायला लागला.

आता थट्टेच्या नात्याचं सांगायला हवं. आम्ही सामो जमातीचे, ते मोसी जमातीचे, आणि दोघं एकमेकांचे थट्टेचे सोयरे. आमच्या लेखी ते आमचे गुलाम, त्यांच्या लेखी आम्ही त्यांचे. हे आजोबा-पणजोबांपासून चालत आलंय. रेडिओच्या समोर हामादो शिंप्याचं दुकान. हामादो मोसी. रोज सकाळी यंत्रावरून मान वर न करता तो विचारायचा, "काय रे गुलामा, माझ्या घरी खायला ठेवलेलं गाढवाचं डोकं तूच पळवलंस ना?" कासिमिर म्हणायचा, "मालकाने गुलामाच्या घरचं खाल्लं तर त्याला चोरी म्हणत नाहीत." मग दोघं एका बशीतले शेंगदाणे खायचे. या नात्यात रागवायचं नसतं. आणि माफी तर कधीच मागायची नसते. माफी मागितली, म्हणजे बोललो ती शिवी होती असं कबूल केलं, आणि तिथे नातं तुटलं.

मयताला हे नातं जास्तच घट्ट होतं. मोसीच्या घरी कुणी वारलं की सामो धावतात, सामोच्या घरी मोसी. मेलेल्याचे कपडे घालतात, त्याच्यासारखं लंगडतात, खोकतात, शेवटी खणलेल्या खड्ड्यात स्वतःच आडवे होतात आणि काही तरी हातात पडल्याशिवाय उठत नाहीत. घरचे रडता रडता हसतात आणि हसता हसता मोकळे होतात. कासिमिरचा बाप गेला तेव्हा हामादो खड्ड्यात पडून दवंडी देत होता, "ऐका हो ऐका, एक आळशी गुलाम कमी झाला." कासिमिर त्या दिवशी जितका रडला तितका पुन्हा कधी रडला नाही, आणि त्याबद्दल तो हामादोचे उपकार मानायचा.

तर, माहिती खात्याचे मंत्री झुंगराना यांची आई वारली. मोसी बाई, चांगल्या पिकल्या वयाची. साऱ्या केंद्रांनी वाचावा म्हणून मंत्रालयातून शोकाचा कागद आला. कासिमिरने तो फ्रेंचमध्ये वाचला, सामोत सांगितला, आणि मग सामो माणसाने करायचं ते केलं.

"अरे देवा," तो माइकवर म्हणाला, "आमची गुलामीण गेली. आता माझं पाणी कोण भरणार? खड्डा खणा, पण त्यात आधी मी झोपणार. गाढवाचं डोकं हातात पडल्याशिवाय उठायचा नाही. आणि मंत्र्या, तू रडू नकोस. तुझं नाक आधीच एवढं मोठं, सुजलं तर दारातून बाहेर यायचं नाही."

गाव हसलं. हामादोने डोळे पुसले आणि म्हणाला, म्हातारीचं सोनं झालं.

पण राजधानीत मंत्रालयाचा एक कक्ष आहे, तिथे बसून माणसं सगळ्या रेडिओंचं बोलणं ऐकतात आणि फ्रेंचमध्ये कागदावर उतरवतात. कागदावर हसू उतरत नाही. कागदावर एवढंच उतरलं की निवेदकाने दिवंगत महिलेला गुलाम म्हटलं, तिच्या कबरीत झोपण्याची धमकी दिली आणि मंत्र्यांच्या दुःखाची व नाकाची टवाळी केली. आठवडा संपायच्या आत टीव्हीच्या बातम्यांत आमच्या गावाचं नाव पहिल्यांदा आलं. गोरखचिंच रेडिओ पुढील आदेशापर्यंत बंद.

शिपाई आले, यंत्राचा एक भाग काढून घेतला, दाराला कुलूप घातलं. त्यांतला एक मोसी होता. कुलपाची किल्ली खिशात टाकताना तो खालच्या आवाजात म्हणाला, "गुलामा, या वेळेस तू डोकं जरा मोठंच मागितलंस." थट्टा केली, आणि कुलूप ओढून बघितलं. कासिमिरला वाटलं, घाबरण्यासारखं काही नाही. सोयऱ्यांतली गोष्ट आहे. चार दिवसांत हसून मिटेल.

मिटलं नाही. पेलाजी रोज सकाळी रेडिओ लावून त्याच जागेवर काटा ठेवायची आणि नुसती खरखर ऐकत बसायची.

"बंद कर ते," कासिमिर म्हणाला.

"तिलाही हेच ऐकू येत असेल," पेलाजी म्हणाली. "तुम्हीच सांगितलंत, आवाज आहे तोवर गाव आहे. आता तिने काय समजायचं?"

हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. त्याने उसना कोट अंगात चढवला आणि राजधानीची बस धरली.

मंत्रालयं म्हणजे काय हे तो आयुष्यभर लोकांना सांगत आला होता. बाकावर बसला तेव्हा त्याला ती पहिल्यांदा कळली. माहिती मंत्रालयात सांगितलं, प्रकरण गृह मंत्रालयाकडे आहे. गृह मंत्रालयात सांगितलं, ते रेडिओ-टीव्हीवर देखरेख करणाऱ्या परिषदेकडे आहे. परिषदेच्या दारावरच्या बाईंनी चष्म्यावरून बघत सांगितलं की असलं सगळं माहिती मंत्रालय बघतं. तो पुन्हा पहिल्या बाकावर येऊन बसला. बाकासमोर भिंतीवर टीव्ही होता. मंत्री झुंगराना कधी फीत कापत होते, कधी झाड लावत होते, कधी पत्रकारांच्या हातात प्रमाणपत्रं देत होते. खाली त्यांचे खासगी सचिव सांगत होते, साहेब दौऱ्यावर आहेत. कासिमिरने सासूची गोष्ट सांगितली. सचिवाने ती शांतपणे ऐकली आणि म्हणाला, हे अर्जात लिहा. अर्ज आधीच दिलेला होता. दुसरा लिहा, म्हणाला.

टीव्हीतला माणूस आणि आपल्यात एक भिंत आहे, आणि आपला आवाज तिच्यापलीकडे जायचा एकच रस्ता होता, तो आपणच बुजवला, असं त्याला वाटायला लागलं. तो मशिदीच्या भिंतीला टेकून झोपायचा आणि रस्त्यावरच्या बाईकडून घेवड्याचे वडे खायचा.

शेवटी दारावरच्या म्हाताऱ्या शिपायाने त्याचं आडनाव विचारलं.

"तोए."

"तोए? म्हणजे माझा गुलाम इतके दिवस माझ्याच दारात बसलाय आणि मला सलाम नाही?" म्हाताऱ्याने इकडेतिकडे बघितलं. "इथे बसून मरशील. साहेब रविवारी चर्चमधली मिसा झाली की गावी आईच्या कबरीवर जातात. पुढचं मी तुला शिकवायचं का?"

शिकवायची गरज नव्हती.

रविवारी मंत्र्यांची गाडी यायच्या आधी कासिमिर त्या गावात पोचला. कबरीवर नवी पांढरी फरशी होती, उन्हाने तापलेली. तो तिच्यावर उताणा झोपला, हात छातीवर घेतले आणि डोळे मिटले. पहारेकरी धावले. पण आंब्याखाली बसलेल्या झुंगरानांच्या आत्या, मावश्या टाळ्या पिटत उठल्या. "सामो आला गं बाई. उशिरा का होईना, आला मेला."

पहारेकऱ्यांना म्हाताऱ्यांनीच अडवलं. एकीने त्याच्या तळव्याला काडीने गुदगुल्या केल्या, एकीने विचारलं, तुझ्या बापाचं अंथरूण आहे का रे हे. कासिमिर डोळे न उघडता म्हणाला, "डोकं आणा. गाढवाचं. कानांसकट."

तेवढ्यात गाडी थांबली. मंत्री उतरले, जवळ आले. मग सूटची पर्वा न करता फरशीच्या कडेला बसले. टीव्हीत दिसायचे त्यापेक्षा बारीक होते. नाक मात्र खरंच मोठं होतं.

"तूच ना तो, रेडिओवाला?"

"हो."

"ध्वनिफीत मी ऐकली. गाडीत एकटा होतो. हसलो. मग रडलो." ते हळू बोलत होते, म्हाताऱ्यांना ऐकू जाऊ नये इतकं. "आईच्या मातीला सगळं मंत्रिमंडळ होतं, कॅमेरे होते, शिपायांचं कडं होतं. शेजारच्या गावचे सामो फाटकापाशी ताटकळले, आत कुणी सोडलं नाही. तिला कुणी हसलंच नाही. एक तू सोडून."

कासिमिर उठून बसला. त्याला वाटलं, झालं, सुटलो. त्याने लाल रेडिओची गोष्ट सांगितली. आवाजाचं सांगितलं. खरखरीचं सांगितलं. "रेडिओ सुरू करा," तो म्हणाला. "मला माइकवर बसवू नका हवं तर. पण सुरू करा."

मंत्र्यांनी फरशीवरची धूळ बोटाने पुसली. "झुंगराना तुझा गुलाम आहे, तोए. तू मागशील ते देईल. पण मंत्री कुणाचा कुणी नसतो. आदेश टीव्हीवर सांगितला गेलाय. तो टीव्हीवरच मागे घेता येईल, आणि त्याला कारण लागेल. तू माफी मागायची. सगळ्या देशासमोर. शिवी दिली, चूक झाली, म्हणायचं."

"माफी मागितली तर ती शिवीच ठरेल."

"हो."

"मग त्या दिवशी तुमच्या आईला कुणीच हसलं नाही, असं होईल."

मंत्री कबरीकडे बघत राहिले. "हो," ते म्हणाले.

पलीकडे म्हाताऱ्या अजून हसत होत्या. एकजण परसातून मडकं फडक्यात गुंडाळून गाढवाचं डोकं म्हणून नाचवत आणत होती. कासिमिरने तिच्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

"कुठे यायचं?" त्याने विचारलं.

टीव्हीच्या खोलीत गारठा होता. त्याच्या चेहऱ्याला पावडर लावली. कागद फ्रेंचमध्ये होता. कासिमिरने आयुष्यात पदरचं घातल्याशिवाय एकही कागद वाचला नव्हता, तो त्याने स्वल्पविरामही न हलवता वाचला. दिवंगत महिलेच्या स्मृतीचा अवमान. मंत्रिमहोदयांच्या भावना. मी बिनशर्त. आमच्या गावात लोक हामादोच्या दुकानातल्या टीव्हीपुढे जमले होते. कागद संपला. हामादो उठला आणि त्याने शिवणयंत्रावर कापड झाकलं, अजून उजेड होता तरी.

कुलूप निघालं. कासिमिर परत आला तेव्हा पेलाजी रेडिओच्या दारात उभी होती. तिने त्याला पाणी दिलं आणि एवढंच म्हणाली, "आधी हाक मारा." त्याने हाक मारली.

दुसऱ्या दिवशी तो हामादोच्या दुकानासमोरून गेला. हामादो उभा राहिला, टोपी काढली. "नमस्कार, तोएसाहेब. प्रवास नीट झाला ना?"

कासिमिरला कुणी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं. मांसवाला मोसी तसाच बोलला, पाण्याच्या गाडीवालाही तसाच. साऱ्या गावातले मोसी त्याच्याशी इतक्या अदबीने बोलायला लागले की त्याला रस्ता नकोसा झाला. आमचे सामो म्हातारे तर बोलेचनात. दोलोच्या, म्हणजे ज्वारीच्या दारूच्या मडक्याभोवती त्याला जागा व्हायची, पण वाटी पुढे यायची नाही. तो सगळं सोसत होता. रोज सकाळी म्हणत होता, "आई, मधे यंत्र बिघडलं होतं. आम्ही आहोत. असाल तिथेच थांबा. जेवलात का?"

मग एका सकाळी पश्चिमेकडच्या छावणीतली एक बाई ओसरीवर आली. आपल्या भावाच्या नावाची हाक मारून घ्यायला आली होती. तिच्या पाठीवर लेकरू होतं आणि गळ्यात फडक्याने बांधलेला लाल रेडिओ.

पेलाजीने तो बघितला आणि भिंतीला हात लावून खाली बसली.

बाईने सांगितलं ते असं. म्हातारी शाळेच्या आवारात आंब्याखाली बसून असायची. इतरांना दुसरीकडे न्यायला ट्रक यायचे, ती चढायची नाही. जावयाने थांबायला सांगितलंय, म्हणायची. आमच्या गावाचं नाव ज्याला त्याला सांगायची, पण छावणीतलं कुणी इकडचं नव्हतं. मग रेडिओ मुका झाला. म्हातारीने सेल उन्हात तापवले, पदराने जाळी पुसली, रेडिओ चारी दिशांना फिरवून बघितला. दिवसचे दिवस नुसती खरखर. एका सकाळी ती म्हणाली, तेही गेले. आणि गाठोडं बांधून पुढे जाणाऱ्या घोळक्याबरोबर निघाली. कुठे, ते कुणी विचारलं नाही. रेडिओ या बाईला देऊन गेली. बिघडलाय, म्हणाली, दुरुस्त झाला तर तुला होईल.

"बिघडलेला नव्हता हो," बाई म्हणाली. "मग एका सकाळी अचानक तुमचं बोलणं आलं. तसं मला कळलं कुठे यायचं ते."

कासिमिर आत गेला आणि माइकपुढे बसला. हाकांची वेळ झाली होती. लाल दिवा लागला. त्याने बाईच्या भावाचं नाव घेतलं, गाव घेतलं, इतरांची नावं घेतली. घरच्या हाकेशी आला आणि थांबला. ज्या कानांसाठी बोलायचं त्यांच्याजवळ आता रेडिओ नव्हता. गावभरच्या रेडिओंतून नुसता श्वास येत होता. चुलीपुढच्या बायका खिळ्याकडे बघायला लागल्या.

हामादोच्या दुकानातही तो श्वास ऐकू येत होता. शिवणयंत्र थांबलं. हामादो रस्ता ओलांडून आला, पेलाजीच्या बाजूने आत शिरला आणि काचेचं दार त्याने सरळ ढकललं. त्याच्या गळ्यात मोजायची फीत तशीच होती. त्याचं बोलणं माइकमधून साऱ्या मुलखाला ऐकू गेलं.

"काय रे गुलामा, तोंड कुणी शिवलं तुझं? गावात शिंपी मी एकटा, आणि मी तर शिवलं नाही. बोल."

कासिमिरने त्याच्याकडे बघितलं. हामादो हसत नव्हता.

"बोल म्हणतो ना. म्हातारी चालतेय कुठे तरी."

कासिमिरने माइक जवळ ओढला. "ज्यांच्या घरी रेडिओ आहे," तो म्हणाला, "त्यांनी तो जरा मोठा करा. दारात आणून ठेवा. रस्त्याने एखादी म्हातारी जात असेल, तिला ऐकू जाईल इतका मोठा करा." मग त्याने घसा साफ केला.

"आई, मी कासिमिर. आम्ही आहोत. जेवलात का?"